डावीकडून येणारी खडखड: गाडी धुण्याआधी एकदा खाली बघा

अडचण अशी होती. 2010 ची पेट्रोल हॅचबॅक, बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेत. स्पीड ब्रेकरवरून किंवा सिमेंट रोडच्या उंचसखल सांध्यावरून गेली की डावीकडून 'खड्-खड्' असा दोनदा आवाज. वर्षभरात तीनदा गॅरेजला दाखवली. पहिल्यांदा डावा लिंक रॉड बदलला, दुसऱ्यांदा दोन्हीकडचे, तिसऱ्यांदा लोअर आर्मचा बुश; सगळे चाकाजवळच्या सस्पेन्शनचे भाग. दर वेळी पंधरा-वीस दिवस शांतता, की पुन्हा तेच. शेवटी दोष सापडला तो 180 रुपयांच्या दोन रबरांत. तोपर्यंत साडेपाच हजार गेले होते.

आधी हे सांगते की तो इतके दिवस सापडला का नाही. माझ्या मते निम्मं उत्तर त्यातच आहे.

मी नागपूरची. माझं घर मानेवाड्याला, ऑफिस सिव्हिल लाइन्सला. तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक इथवर गाडी अगदी गुणी बाळ. बर्डी (सीताबर्डी) आली की आवाज सुरू. गॅरेज मात्र घरापासून पाच मिनिटांवर, आणि मी गाडी द्यायची ती सकाळी, घरून थेट. मेकॅनिक स्वतः एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आवाज तर येऊनच नाही राहिला." खोटं बोलत नव्हता बिचारा. त्याच्यासमोर तो यायचाच नाही. मग मी हट्टाला पेटायचे: येतो हो, डावीकडून येतो. त्यावर तो डावं चाक हलवून बघायचा, आणि पंधरा वर्षांच्या गाडीत काही ना काही ढिलं निघतंच. तेवढं बदलून मोकळा. बदललेले भाग खरोखर झिजलेले होते, मी हातात घेऊन पाहिले. फक्त आवाज त्यांचा नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. गॅरेजमध्ये गाडी आली की आधी खालून प्रेशरने धुतात, मग लिफ्टवर घेतात. मेकॅनिकच्या डोळ्यांत माती पडत नाही, काम स्वच्छ होतं, त्यांचंही बरोबर आहे. पण जुन्या गाडीच्या तळाला बसलेली धूळ ही सहा महिन्यांची नोंदवही असते. कुठे तेल पाझरलं, कुठे काय घासलं, कोणता नट हळूहळू फिरतोय, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. आपण पैसे देऊन ती वही धुऊन घेतो आणि मग विचारतो, बिघाड कुठाय?

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी पूजेसाठी गाडी धुवायला काढली होती. नळाला पाइप लावला आणि तेवढ्यात मुलाचा चेंडू गाडीखाली गेला. मी पोटावर आडवी झाले, मोबाइलचा टॉर्च लावला, आणि चेंडू राहिला बाजूला. वरच्या गॅलरीतून काका विचारतायत, "काय पडलं गं खाली?" आणि मी उत्तरच देत नाहीये.

सगळा तळ एका रंगाचा होता. सिमेंट रोडची राखाडी भुकटी, तिच्यावर पावसाळ्यातल्या काळ्या मातीचे वाळलेले शिंतोडे. आणि त्या मळकट पसाऱ्यात, गाडीच्या मधोमध जो बोगद्यासारखा खोलगट भाग असतो, त्यातल्या उष्णतारोधक पत्र्यावर चार आण्याच्या नाण्याएवढी एक जागा लख्ख चमकत होती. तिच्या समोर, दोन-तीन मिलिमीटरवर, सायलेन्सरच्या पाइपच्या जोडावरचा बोल्ट. त्याचं डोकंही एकाच बाजूने घासून पांढरं पडलेलं. जरा मागे बघितलं तर जिथे पाइप लटकवायचं रबर हवं तिथे तार! दोन वेढे, टोकं पिळलेली.

तार आठवली. दोन-अडीच वर्षांपूर्वी अमरावती रोडला एका अर्धवट कामाच्या ठिकाणी डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या थरावर चढताना बूड आपटलं होतं आणि सायलेन्सर लोंबायला लागला होता. वाटेत एकाने "सध्यापुरतं" म्हणून बांधून दिलं. आपल्याकडे सध्यापुरतं बांधलेलं किती वर्षं टिकतं ते वेगळं सांगायला नको.

आता 'डावीकडून' या शब्दाचा घोळ बघा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला आधी गिअरचा दांडा येतो आणि बरोबर त्याच्या खाली हा बोगदा. मी डावीकडून म्हणत होते ते खरंच होतं, पण ते माझ्या डाव्या ढोपरापासून हातभर अंतरावर होतं. मेकॅनिकने ऐकलं 'गाडीची डावी बाजू' आणि तो चाकाशी गेला. तेव्हापासून आवाज सांगताना मी बाजू सांगत नाही. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवते, एकदा डाव्या सीटवर मी बसते आणि दुसऱ्याला चालवायला देते. दोन-तीन जागांवरून ऐकलं की आवाज पायाखालचा आहे की चाकाचा, हे बऱ्यापैकी कळतं.

आवाज बर्डीपासूनच का? पोलादाचा एक मीटरचा तुकडा 100 अंशांनी तापला की सुमारे 1.2 मिलिमीटरने लांबतो. इंजिनपासून त्या जोडापर्यंत पाइप दीड-दोन मीटर असेल, आणि वीस-पंचवीस मिनिटांत तो 250 अंशांनी सहज तापतो. म्हणजे साडेचार ते सहा मिलिमीटर वाढ. रबरावर लटकलेला पाइप ही वाढ आणि इंजिनची हलचाल दोन्ही पोटात घालतो. तारेला ते जमत नाही. तिने पाइप वर आणि एका अंगाला ओढून धरलेला, म्हणून तो तापला की बोल्ट पत्र्याला जाऊन टेकायचा आणि गाडी उडाली की वाजायचा. गार गाडीत काही नाही. मधले पंधरा दिवस शांततेचे का, याबद्दल माझा अंदाज असा की लिफ्टवर काम करताना कुणाचा तरी टॉमी (लोखंडी पहार) किंवा खांदा पाइपला लागायचा आणि तार तेवढी वाकायची.

त्या दिवशी गाडी न धुताच गॅरेजला नेली. मेकॅनिकला मोबाइलवर फोटो दाखवला. बराच वेळ मोठा करून बघत राहिला, मग म्हणाला, "हे तर आपण पाह्यलंच नाही जी." तार कापली, मधलं आणि मागचं अशी दोन्ही रबरं नवी टाकली. मागचं अजून तुटलं नव्हतं, पण नखाने दाबलं की भेगा उघडत होत्या. रबराचे 180 घेतले, मजुरीचं नाव काढलं नाही. आता गार असताना बोल्ट आणि पत्र्यात बोट जाईल एवढी जागा आहे आणि खडखड नाही. दसरा होऊन चार महिने होतील.

असाच आवाज तुमच्या गाडीत असेल आणि रबरं शाबूत असतील, तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवतात त्या रबरी बैठका, बघा. बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी गाडीत बसवा, ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये तसंच. इंजिन जागेवरून उसळी मारल्यासारखं हललं तर फाउंडेशनचं रबर गेलंय, आणि त्यासोबत पाइपही हलतो. बघणाऱ्याने गाडीच्या समोर किंवा मागे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं.

खाली बघायचं कसं

टायर बदलायच्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली शिरू नका. एक मिनिटासाठीही नाही, "फक्त डोकं घालतो" म्हणूनही नाही. जॅक सरकतो, आणि तो सरकला तर तुमच्याकडे वेळ नसतो. खाली जायचंच असेल तर गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, कठीण आणि सपाट जमिनीवर, चाकांना लाकडी ठोकळे लावून. विटा नकोत, वीट वजनाने फुटते.

मी तर खाली जातच नाही. चारही चाकं जमिनीवर, इंजिन रात्रभर गार झालेलं, हँडब्रेक ओढलेला. सेल्फी स्टिकला मोबाइल, टॉर्च चालू, व्हिडिओ सुरू करून पुढून मागे सावकाश सरकवते. तीन फेऱ्या: डावी, मधली, उजवी. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवून पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचा, आणि दुसऱ्या बाजूला फिरवून पुन्हा. दहा मिनिटांचं काम. घरात बसून मोठ्या पडद्यावर बघायचं, थांबवून, मागेपुढे करून. व्हिडिओ तारखेसकट ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी 'हे आधी होतं का?' याचं उत्तर आठवणीवर सोडावं लागत नाही. मे महिन्यात करणार असाल तर सकाळी सातच्या आत आटपा. 45 अंशांत नागपूरच्या फरशीवर कोपर टेकवून बघा, मग कळेल का म्हणते.

आदल्या रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचा. कूलरच्या खोक्याचा असतो ना, तो उलगडला की पुढची दोन चाकं आणि मधला भाग व्यवस्थित झाकतो. चाकांच्या जागी पेनाने खुणा करा, नाहीतर सकाळी डाग कुठून पडला ते सांगता येत नाही. काळपट तपकिरी थेंब म्हणजे इंजिन ऑइल, बहुतेक वेळा चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) गॅस्केटचं किंवा ड्रेन नटच्या वॉशरचं. हिरवा, गुलाबी किंवा निळसर, बोटांना बुळबुळीत आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट. तो चाखू नका, विषारी असतो, पुठ्ठा कुत्र्या-मांजरांच्या आवाक्यातही सोडू नका. दाट आणि उग्र गंधकी वास असेल तर गिअर ऑइल. बिनरंगी पाणी एसीचं, उन्हाळ्यात पडायलाच हवं. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. अशी शंका आली तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

व्हिडिओत बघताना मी तीनच गोष्टी शोधते: ओल, चमक आणि तुटकी कड. कोरडी धूळ म्हणजे जागा ठीक. धूळ भिजून काळी झाली असेल तर वरून काहीतरी येतंय, आणि ते वाऱ्याने मागे गेलेलं असतं, म्हणून गळती नेहमी ओलीच्या पुढच्या आणि वरच्या टोकाला शोधायची. चमकतंय तिथे घासण आहे. आणि मातीचा पापुद्रा नटाभोवती गोल तडकलेला दिसला तर नट हलतोय.

सगळ्यात जास्त वेळ एक्सलच्या बुटांवर घालवा. चाकाला फिरवणारा जो दांडा असतो त्याच्या टोकांना कागदी पंख्याच्या घड्यांसारखी रबरी टोपी असते, तिच्यात ग्रीस. भेग घडीच्या आत, खोलगट भागात पडते, चाक सरळ असताना मिटलेली असते आणि वळवल्यावरच उघडते. म्हणून तो स्टिअरिंग फिरवून घेतलेला व्हिडिओ. बूट फाटला की ग्रीस फिरत्या दांड्यावरून उडून रिमच्या आतल्या बाजूला गोल पट्टा उमटतो, काळा, चिकट, धूळ धरलेला. हा पट्टा दिसला आणि वळताना 'कट-कट' अजून येत नसेल तर तुम्ही वेळेत आहात. नवा बूट, नवं ग्रीस, शे-पाचशेचा भाग आणि मजुरी. तसंच चालवलं तर आपल्या काळ्या मातीचा चिखल आत जातो, तो बारीक दगडी पिठासारखं काम करतो, आणि मग जॉइंट किंवा अख्खा एक्सल. 'कट-कट' यायला लागल्यावर नुसता बूट बदलून उपयोग नाही.

दुसरं ब्रेकच्या पाइपांचं. लोखंडी पाइप तळाला क्लिपांनी धरलेले असतात आणि गंज क्लिपच्या आत लागतो, कारण माती तिथेच अडकून ओली राहते. वरवरचा तांबूस रंग चालतो. पापुद्रे सुटत असतील किंवा फोड आल्यासारखं दिसत असेल तर पाइप बदला, घासून रंगवून काही होत नाही. चाकांजवळचे रबरी होज वाकवलेल्या जागी चिरले आहेत का, कुठे फुगवटा आहे का, ते स्टिअरिंग वळवून बघायचं. आणि बाटलीतलं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून गळत नसलं तरी दोन वर्षांनी बदलायचं. हे मीही वर्षानुवर्षं केलं नव्हतं.

पेट्रोलच्या रबरी नळ्या टाकीपाशी आणि इंजिनपाशी बघा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि जुन्या गाड्यांमधलं सगळंच रबर ते गृहीत धरून बनवलेलं नाही. पेट्रोलचा वास आला तर गळती डोळ्यांना दिसायची वाट बघू नका.

बाकी भराभर. शॉकअपच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) नळीवर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली धूळ म्हणजे सील गेली. दोन्ही बाजूंची जोडी बदला. लोअर आर्मच्या बुशचं रबर लोखंडापासून सुटलंय का ते मागच्या बाजूने बघा, तिथे आधी सुटतं. टायरॉडच्या (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) टोकाची छोटी रबरी टोपी फाटली असेल तर तीही लिहून ठेवा.

गंजाबद्दल

नागपूर या बाबतीत सुदैवी. समुद्र नाही, खारी हवा नाही. आपल्याकडे तळ खराब होतो तो मातीने. काळी माती पाणी धरून ठेवते, दाराखालच्या पट्टीची आणि दारांची पाणी निघायची भोकं बुजवते, आणि पत्रा आतून कुजतो. पावसाळा संपला की ती भोकं काडीने मोकळी करा, जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर पत्रा जिवंत आहे. बद्द वाजलं तर पोकळ झालाय, आणि तिथे जॅक लावू नका.

जुनी गाडी घेत असाल तर एमएच 31, 40, 49 या नागपूरच्या नंबरांवर समाधान मानू नका, गाडीचं आयुष्य कुठे गेलं ते विचारा. मुंबई किंवा रत्नागिरीची गाडी आतून नवी दिसते, खालून वेगळीच निघते. तळाला नुकतंच काळं कोटिंग मारलेलं असेल तर मी तरी ती गाडी सोडून देईन. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि आपल्याला काही दिसू देत नाही. शिवाय 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. म्हणून सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा आणि गालिच्याखालच्या वायरी बघा. वरचा गालिचा बदलता येतो, त्या कोपऱ्यांतला गाळ सहसा कुणी काढत नाही.

मी आता वर्षातून दोनदा बघते, मृग लागायच्या आधी आणि दसऱ्याच्या धुण्याआधी. तुमचा रस्ता नरेंद्रनगरच्या पुलाखालून जात असेल आणि गाडी तिथल्या पाण्यातून गेली असेल, तर त्या आठवड्यात एकदा जास्तीचं. पंधरा वर्षं झाल्यावर आरसीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावीच लागते, दर पाच वर्षांनी. तिथे जाण्याआधी हे करून ठेवलं तर हेलपाटा वाचतो.

धुऊ नका म्हणते ते बघण्याआधी. बघून झालं की खुशाल धुवा. फक्त जिथे ओल सापडली ती एक जागा फडक्याने कोरडी पुसायची, फोटो काढायचा आणि दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बघायचं. जुन्या तेलाच्या थरात ताजी गळती ओळखता येत नाही.

माझ्या व्हिडिओत अशी एक जागा आहेच. गिअरबॉक्समधून डावा एक्सल बाहेर येतो तिथे, दोन बोटं रुंद, काळपट ओल. या वेळी 'डावा' म्हणजे गाडीचा डावा. पुठ्ठ्यावर थेंब नाही. मेकॅनिक म्हणाला, "राहू द्या मॅडम, एवढं चालते." मी पुसून बाजूच्या पत्र्यावर खडूने तारीख टाकली आहे. दोनशे किलोमीटर पुढच्या आठवड्यात पूर्ण होतील. तिथे कोरडी धूळ बसली असेल तर चालू देणार, भिजलेली दिसली तर सील बदलणार.